पहिल्या वाफेचा व्हिडिओ

१

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. हसू द्या, मीही हसते. आखाडा बाळापूरला गुलाम नबी चाचाचं वर्कशॉप आहे, तिथं हळद शिजवायचे कुकर बनतात. स्वयंपाकघरातला कुकर डोळ्यापुढं आणू नका. हा ट्रॅक्टरमागं ओढायचा गाडा असतो. मध्ये पाण्याची टाकी, खाली भट्टी, बाजूला माणूस उभा मावेल एवढाले ड्रम. टाकीतली वाफ ड्रममध्ये सोडायची, ओली हळद शिजली की ड्रम उलटा करायचा. चाचा हे लोखंडात बनवतो आणि त्याच्या आधी मी ते कॉम्प्युटरवर बनवते. त्या चकचकीत चित्राला रेंडर म्हणतात. ते चित्र एआयला द्यायचं, खाली चार ओळी लिहायच्या की बाबा रे, शेत दाखव, वाफ दाखव, माणसं दाखव, आणि चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत व्हिडिओ तयार. जी मशीन अजून जगात आलीच नाही, ती व्हिडिओत धडाधड हळद ओतत असते.

सुरुवातीला लई गंमत व्हायची. एआयनं आमच्या शेतकऱ्यांना राजस्थानी पगड्या घातल्या. ड्रममधून हळदीऐवजी गाजरं पडली. एकदा पाच पायांचा बैल आला. चाचा स्क्रीनकडं बघून एकदम गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, ‘‘पोळ्याला ह्याची झूल शिवायला टेलर रडंल.’’

सगळं वर्कशॉप हसलं. चाचा नाही हसला. ही त्याची खोडच आहे. विनोद स्वतः करायचा, सगळ्यांना हसू द्यायचं, सगळे गप्प झाले की मग हा सुरू होणार. श्वास आत ओढत, शिट्टी वाजल्यासारखा आवाज करत. ते हसणं ऐकून आम्ही पुन्हा हसायचो.

मी नांदेडहून डिप्लोमा करून आले तेव्हा आमच्या भावकीनं तोंडं वाकडी केली होती. पोरीची जात, वेल्डिंगच्या दुकानात बसणार? चाचानं काही भाषण दिलं नाही. टेबलावरचा ग्राइंडर उचलला, फडक्यानं टेबल पुसलं आणि म्हणाला, ‘‘इथं बस बेटा. ठिणग्या इथवर येत न्हाईत.’’ एवढंच. माझ्यावर इतका भरवसा माझ्या घरातही कुणी टाकला नव्हता.

मागच्या दिवाळीत चाचाच्या छातीत कळ आली. दवाखाना झाला, गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांनी आगीजवळ फार थांबू नका म्हणून सांगितलं. चाचा दोन आठवड्यांत परत वर्कशॉपमध्ये हजर. पण मी मात्र घाबरले ती घाबरलेच. हा माणूस गेला तर, हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग निघेचना.

२

यंदा चाचानं नवा कुकर काढायचा ठरवला. लाकूड कमी लागणारा, ड्रम एका हातानं उलटणारा. पहिलं गिऱ्हाईकही मिळालं, साखरा गावचा संतराम. हा माणूस बोलायला लागला की शेजारच्या शिवारातलं जनावर मान वर करतं. तो फोनवर ओरडला, ‘‘वैष्णवी, आधी पिच्चर धाड. आमच्या गावाला दाखवतो!’’

मी नवं रेंडर दिलं आणि लिहिलं की शेत आहे, दुपार आहे, कुकर पेटलाय, भोवती माणसं उभी आहेत. व्हिडिओ इतका सुरेख आला की मी एकटीनंच टाळी वाजवली. पगड्या नाहीत, गाजरं नाहीत. साधी माणसं, डोक्याला रुमाल, बायांच्या ओच्यात हळदीची कांडं. पिवळी वाफ उठून राहिली होती आणि सगळ्यांचे चेहरे आनंदानं फुललेले.

दुसऱ्यांदा बघताना एक गोष्ट दिसली. माणसं सगळ्या बाजूंनी दाटीनं उभी होती, पण वाफ सोडायच्या व्हॉल्व्हच्या बाजूला एक जागा मोकळी होती. एका माणसापुरती. मागून येणारी बाई त्या जागेला वळसा घालून पुढं आली. मी पुन्हा लिहिलं, व्हॉल्व्हपाशीही माणूस हवा. नवा व्हिडिओ आला. माणसं बदलली, बायांच्या साड्या बदलल्या, जागा मोकळीच.

चाचाला सांगितलं तर तो खूश. ‘‘बराबर हाय. ती जागा माझी हाय. तुझ्या एआयला अक्कल आली म्हणायची.’’

खरंच ती त्याची जागा होती. आमच्या वर्कशॉपची रीत आहे. नवा कुकर गिऱ्हाइकाच्या शेतात पहिल्यांदा पेटतो तेव्हा बनवणाऱ्यानं व्हॉल्व्हपाशी उभं राहायचं, ड्रमवर हात ठेवून, पहिली वाफ सुटेपर्यंत. काही फुटायचंच असलं तर ते तिथूनच फुटणार. ज्यानं बनवलं तोच तिथं उभा आहे, हे बघितल्यावर गिऱ्हाइकाला दुसरी गॅरंटी लागत नाही. चाचाच्या वडिलांनी ही रीत पाडली, चाचानं चालवली.

३

मग मी चाचाचा फोटोच काढला. पांढरा शर्ट, जाळीची टोपी, दाढीला मेंदी, ड्रमवर हात ठेवल्याची ऐट. तो फोटो रेंडरसोबत दिला आणि लिहिलं, हा माणूस व्हॉल्व्हपाशी उभा आहे, गंमत सांगतोय, सगळे हसतायत.

व्हिडिओ आला. चाचा त्यात नव्हता.

बाकी सगळं मी लिहिलं तसंच होतं. माणसं हसत होती, त्या मोकळ्या जागेकडं बघून. एकानं हसता हसता मान हलवली, आपण ओळखीच्या माणसाला ‘काय राव’ म्हणताना हलवतो तशी. एका बाईनं चहाचा कप पुढं केला, त्या रिकाम्या जागेत. हात मागं घेतला तेव्हा कप हातात नव्हता. खालीही पडला नव्हता.

मी स्वतःला समजावलं. एआयला कप सांभाळता येत नाही, सगळ्या जगाला ठाऊक आहे. बोटं सहा करतं, चमचे गिळतं. एक माणूस हरवला तर काय नवल? व्हिडिओला आवाजही एआयच लावतं, म्हणून हेडफोन घातला. भट्टीचा फरफर आवाज, वाफ, लोकांचं खळखळून हसणं. हळूहळू हसणं विरलं. सगळे गप्प झाले.

आणि मग एक जण हसायला लागला. श्वास आत ओढत, शिट्टी वाजवत.

मी हेडफोन काढून टेबलावर टाकला. चाचाचा फोटो दिला होता मी. आवाज कधीच दिला नव्हता.

४

दुपारी लॅपटॉप घेऊन थेट चाचाच्या घरी गेले. नजमा चाची भाजी निवडत होती. चाची म्हणजे सरळ बाई, तोंडावर खोटं बोलायची तिला सवयच नाही. मी म्हटलं, ‘‘चाची, एवढं बघा बरं. मला काही कळून नाही राहिलं.’’

तिनं चष्मा लावला, हात पदराला पुसले आणि बघायला लागली. हळूहळू तिचा चेहरा उजळला. ‘‘या अल्ला! किती सुंदर दिसून राहिले हे!’’

‘‘कोण?’’

‘‘कोण म्हणजे? तुझे चाचा. नवरदेव दिसतेत अगदी.’’

‘‘कुठंयत चाची?’’

‘‘हे काय.’’ तिनं बोट स्क्रीनवर टेकवलं. बोटाखाली मोकळी जागा होती, मागची ओली माती आणि लांबवरचं बाभळीचं झाड. ‘‘चहा घेऊन राहिले बघ. डॉक्टरनं साखर बंद केली तरी इथंबी चहा सोडला न्हाई ह्या माणसानं.’’

ती पोट धरून हसली. मीही तोंडदेखलं हसले. व्हिडिओ संतरामला पाठवला. त्याचा व्हॉइस मेसेज आला, मागं पोरांचा गलका. ‘‘वैष्णवी, चाचा तर हिरोच दिसून राहिला! आमची म्हातारी म्हणते, ह्याला हिरोइन बघा!’’

तो मेसेज मी दोनदा ऐकला. आतापर्यंत भीती वाटत होती की चाचा व्हिडिओत नाही. आता कळलं, तो आहे, सगळ्यांसाठी आहे. फक्त मला दिसत नाही.

हिंगोलीला जाऊन डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, नंबर वाढलेला नाही, स्क्रीन कमी बघा. मी फोनमधला चाचाचा साधा फोटो काढून पाहिला. त्यात चाचा नीट दिसत होता, दाढीचा केसन् केस. मग माझे डोळे बरोबर होते. वर्कशॉपमध्ये परत आले तर चाचा समोर उभा, मिशीत हसत. ‘‘काय म्हणला डाक्टर? आंधळी तर न्हाई ना झाली आमची इंजिनेर?’’ मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच्या हातातला स्पॅनर काढून घेतला आणि उगीचच त्याच्याशी भांडले.

५

साखऱ्याला जायच्या आदल्या दुपारी चाचा टाकीचा शेवटचा जोड वेल्ड करत होता. ठिणग्या उडत होत्या. मी टेबलावरून मान वर केली तर वेल्डिंगची कांडी हवेत होती आणि धरणारं कुणी नव्हतं. डोळे मिटून उघडले. ठिणग्या थांबल्या होत्या, कांडीही नव्हती. वाटलं, चाचा बाहेर गेला असेल. तेवढ्यात तिथूनच आवाज आला, ‘‘वैष्णवी, पाणी दे गं जरा.’’ आणि मग चाचा दिसला, चेहऱ्यावरची काच वर सरकवताना. वेल्डिंगच्या उजेडाकडं बघितलं की डोळ्यांपुढं अंधारी येतेच, असं मी मनाशी म्हटलं. पाणी नेऊन दिलं.

‘‘चाचा, एक ऐका माझं. उद्या तुमी व्हॉल्व्हपाशी उभं नका राहू.’’

‘‘काहून?’’

‘‘तुमच्या छातीचं सांगितलंय डॉक्टरनं. मी राहते उभी. मीच काढलाय ना नकाशा.’’

चाचानं पाण्याचा गिलास संपवला. ‘‘बेटा, तू राह्यली तर तुझ्या मागं मी उभा राहणार. म्हंजे पुन्हा तेच. गिऱ्हाईक म्हणंल, बुढ्ढा डरला, पोरीला पुढं केलं. संतराम समद्या गावात वरडून सांगंल, त्याला लाउडस्पीकर बी लागत न्हाई.’’

‘‘माझ्यासाठी तरी.’’

चाचानं रिकामा गिलास खाली ठेवला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘मला काही न्हाई होत.’’ मी खाली मान घालून रडले. मला वाटत होतं, ती मोकळी जागा म्हणजे उद्या होणारी गोष्ट आहे. तो तिथं उभा राहील आणि आमच्यातून जाईल. ती जागा बाकीच्यांना मोकळी दिसत नाही आणि मलाच दिसते, म्हणजे थांबवायचं मलाच आहे.

६

साखऱ्याला जत्राच भरली होती. संतरामनं हलगीवाले बोलावले होते. त्याच्या विहिरीवरच्या मळ्यात हळदीचा हा मोठा ढीग, बाया कंदांची माती झाडत गाणी म्हणत होत्या, पोरं गाड्याच्या चाकांवर चढत होती. कुकरला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, चाचानं बिस्मिल्ला म्हटलं, संतरामच्या म्हातारीनं भट्टीत पहिली काडी टाकली. नजमा चाची बायांमध्ये बसून घरून आणलेल्या शेवया वाटत होती. इतका सुंदर दिवस मी खरंच कधी पाहिला नव्हता. आणि माझी नजर चाचावरून हलत नव्हती.

चाचा व्हॉल्व्हपाशी जाऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, जाळीची टोपी. ड्रमवर हात ठेवला. मी त्याच्यापासून हातभर लांब उभी राहिले आणि मनाशी ठरवलं, पापणी म्हणून मिटायची नाही. ड्रममध्ये हळद शिजत होती, काट्यावरचा दाब चढत गेला. लोक मागं सरकले. चाचा काहीतरी विनोद सांगत होता, हलगीत मला ऐकू आला नाही. पुढच्या ओळीतले सगळे हसले.

व्हॉल्व्हनं शिट्टी घातली आणि पांढरी वाफ आडवी आली. मला काही दिसेना. डोळे झोंबले तरी मी उघडेच ठेवले. वाफेला ओल्या हळदीचा कडू, मातकट वास होता. संतराम ओरडला, ‘‘वाऽऽ रे पठ्ठे!’’ ड्रम उलटला, शिजलेली हळद धबाधबा खाली आली, पिवळीधमक.

वाफ विरली. ड्रमपाशी कुणी नव्हतं.

मी खाली पाहिलं. जमिनीवर कुणी पडलेलं नव्हतं. गाड्यामागं धावले, तिथंही नाही. परत आले तर सगळे त्या जागेकडं बघून हसत होते. संतराम कुणालातरी मिठी मारत होता. त्याचे हात हवेत एकमेकांना न भेटता थांबले होते, मध्ये जाड माणूस असावा तसे. नजमा चाची उठून आली आणि त्या मोकळ्या हवेवरून पदर फिरवत म्हणाली, ‘‘घाम बघा किती आला!’’

‘‘चाचा!’’ मी किंचाळले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

‘‘काहून ओरडून राहिली, पोरी?’’

अगदी समोरून. हातभर अंतरावरून. मी दोन्ही हात पुढं केले. खरबरीत तळहात लागला, अंगठ्याच्या मुळाशी वेल्डिंगचा जुना चट्टा. हात गरम होता. मनगटाची नाडी ठकठक चालू होती. मी तो हात घट्ट धरला आणि हमसून रडले, आनंदानंच, कारण तो जिवंत होता. मग दुसरं काहीही असो. माझी ती दशा पाहून सगळा मळा हसला. हसणं थांबलं, हलगीही क्षणभर थांबली.

मग तो हसला, श्वास आत ओढत.

७

हे मी बाळापुरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही परके, म्हणून सांगते.

चाचा ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणतात, छाती तरण्या पोरासारखी झाली. नव्या कुकरला मागणी इतकी आली की आम्हाला जेवायला वेळ नाही. तो रोज सकाळी येतो, म्हणजे गेट वाजतं आणि ‘‘सलाम, इंजिनेरसाहेब’’ ऐकू येतं. टिंगल करतो, रागावतो, माझ्या रेंडरमधल्या चुका काढतो. त्या दिवसापासून मला तो दिसलेला नाही. जुन्या फोटोत दिसतो. घरी दार लावून ते फोटो बघते, चेहरा विसरायला नको म्हणून.

पहिले दिवस फार वाईट गेले. आता जमतं. पावलं कुठून कुठं गेली ते ऐकायचं, इतर लोक कुठं बघतात ते बघायचं आणि आपणही तिकडं बघून हसायचं. सांगून टाकावं असं हजारदा वाटलं. पण भीती वाटते. मी सांगितलं, चाचीनं नीट निरखून पाहिलं, आणि मग तिलाही तो दिसेनासा झाला तर? संतरामला, गिऱ्हाइकांना? सगळ्यांना दिसतोय तोवर तो आहे. एकट्या माझं नुकसान होत असेल तर होऊ दे. आवाज आहे, डोक्यावर हात आहे. मी सुखी आहे, खोटं नाही सांगत.

काल जेवणं झाल्यावर बाकीचे झाडाखाली आडवे झाले होते. मी नव्या ड्रमचं रेंडर दाखवत होते. चाचानं एकही चूक काढली नाही.

‘‘पोरी, एक विचारू? तू आजकाल माझ्याकडं पाहून बोलत न्हाईस.’’

‘‘असं काय म्हणता चाचा! तुमच्याकडंच तर पाहून राहिले.’’

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, उठून गेला.

‘‘न्हाई,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘जरा डावीकडं पाहून राहिलीस.’’

मी नजर उजवीकडं सरकवली. समोर पत्र्याची भिंत होती, त्यावर ऊन पडलं होतं. माझे डोळे भरून आले, पण मी ते हलू दिले नाहीत.

‘‘अजून थोडं,’’ चाचा म्हणाला. ‘‘थोडं वर. हां बेटा, आता बराबर.’’